बघून ओळखणारी

ती आमच्या प्रयोगशाळेत आली त्याच आठवड्यात मी तिला दाराबाहेर काढलं होतं. कारण घोंगडी.

पेशी वाढवायच्या खोलीत एसी कायम चालू असतो आणि आत गारठा असतो, हे खरं. पण म्हणून कोणी खांद्यावर काळी घोंगडी टाकून आत येत नाही. लोकरीचा एक धागा पेशींत पडला तर महिन्याचं काम नासतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"घोंगडी," ती म्हणाली. मी जन्मात कधी पाहिली नसावी अशा सुरात.

"ते दिसतंय मला. बाहेर ठेव."

"बाहेर ठिवली तर थंडी मला आत वाजंल की, मॅडम."

"मग तूही बाहेर थांब."

ती थांबली. तासभर. व्हरांड्यात, घोंगडी पांघरून, एका पायावर. दुसऱ्या पायाचं पाऊल गुडघ्याला टेकवलेलं, पाठ भिंतीला. तिच्याकडची माणसं रानात काठीला रेलून अशीच उभी राहतात हे मला नंतर कळलं. तेव्हा मला ते बंड वाटलं. मग तिने घोंगडीची घडी केली, माझ्या टेबलाखाली सरकवली, दोन स्वेटर एकावर एक चढवून वर पांढरा कोट घातला आणि कामाला लागली. घोंगडी पुन्हा कधी आत आली नाही. माझ्या टेबलाखालून हललीही नाही.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका संशोधन संस्थेत मी प्रयोगशाळा सांभाळते. यंत्रं, रसायनं, चाव्या, रजिस्टरं आणि विद्यार्थी, या क्रमाने. माहेर कडेगावकडचं, ऊसवाल्यांचं. नवरा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. आमच्या घरात चादरीचीसुद्धा कोपऱ्याला कोपरा लावून घडी होते. ती सवय मी नोकरीवरही नेली आणि तिचा मला फार अभिमान होता. 'होता' असं का म्हणते, ते कळेलच.

तिचं नाव लिहीत नाही. ती कामात असते, आणि नाव का लिहिलं म्हणून फोनवर भांडायला तिला सवड मिळावी असं मला वाटत नाही. आटपाडीच्या पलीकडच्या एका वस्तीवरची, मेंढपाळाच्या घरातली. वडिलांनी अलीकडे थोडं डाळिंब लावलं होतं, पण जीव मेंढरांतच. उन्हाळ्यात कळप घेऊन सगळं घर बाहेर पडायचं, तशी तिची शाळा तीन तालुक्यांत मिळून झाली. कॉलेज मात्र सांगलीत, एका जागी. "चार भिंतीत इतकं दिस बसायची सवय लागायला मला दोन वर्सं लागली," असं ती सांगे.

कामाचं बोलायचं असलं की मी 'मॅडम'. काही हवं असलं की 'काकू'. एखाद्या दिवशी सकाळी सकाळी 'काकू' ऐकू आलं की मी आधी कपाटाच्या किल्ल्या जागेवर आहेत का ते बघत असे.

तिचं संशोधन सांगायला सोपं, करायला अवघड. काही मुलं जन्मतःच फार लहान डोक्याची असतात. मेंदू आईच्या पोटातच कमी वाढतो. तो का कमी वाढतो हे बघायला पोटातल्या बाळाच्या डोक्यात शिरता येत नाही. म्हणून अशा मुलाचं थोडं रक्त घेतात. त्यातल्या पेशींना उलटं चालवत अगदी सुरुवातीच्या, अजून काहीच न ठरलेल्या अवस्थेपर्यंत मागे नेतात. तिथून मेंदूच्या वाटेने पुन्हा पुढे वाढवतात. काही महिन्यांत गुलाबी पोषकद्रवात तरंगणारे पांढुरके गोळे तयार होतात. आधी मसुरीएवढे, मग फार तर तुरीच्या दाण्याएवढे. कापून बघितले तर त्यांत मेंदूचे पहिले थर दिसतात.

तिने घेतलेलं रक्त तिच्याच भागातल्या एका चार वर्षांच्या मुलीचं आणि तिच्या आईचं होतं. ती आई मामाच्या घरी दिलेली. आमच्याकडे त्यात नवल नाही. समितीची परवानगी, सह्या, सगळं रीतसर झालं. सही करताना त्या आईने एकच विचारलं, "माझ्यामुळं झालं का, बाई?" दुसरा कोणीही "नाही हो" म्हणून मोकळा झाला असता. ही म्हणाली, "ठाऊक न्हाई. बघून सांगते." मला तेव्हा तिचा राग आला होता. पण वर्षभराने जनुकाची तपासणी आली तशी ती स्वतः एसटीने गेली, नवऱ्यालाही बायकोशेजारी बसवलं आणि दोघांना सांगितलं, "बिघाड दोघांकडनं आलाय. निम्मा ह्यांचा, निम्मा तुमचा. चूक कुणाचीच न्हाई." त्या घरात पाच वर्षांत प्रथमच कोणीतरी नवऱ्याच्या तोंडावर हे बोललं होतं.

पेशींना एक दिवसाआड ताजा पोषकद्रव द्यावा लागतो. आम्ही त्याला 'मीडिया बदलणं' म्हणतो. ती म्हणायची, "चारून येते." रविवार नाही, दिवाळी नाही. बाकीचे विद्यार्थी सुट्टीच्या पाळ्या लावायचे, ही दुसऱ्याला हात लावू द्यायची नाही. "राखणीचं जनावर पाळीवर देत न्हाईत."

रोज संध्याकाळी प्रत्येक ताटलीतले गोळे मोजून रजिस्टरात लिहायचे, हा माझा नियम. ती मोजायची नाही. ताटलीवरून नुसती नजर फिरवायची आणि म्हणायची, "एक कमी हाय." मग मी मोजायचे. एक कमी असायचा. बहुतेक वेळा तो झाकणाला चिकटलेला सापडे.

"मोजत का नाहीस?"

"आमच्या घरात मेंढरं मोजत न्हाईत, मॅडम. मोजली की कमी हुत्यात म्हणत्यात. नुसतं बघायचं. जी न्हाई ती दिसती."

"जी नाही ती कशी दिसेल?"

"तुमच्या घरात जेवायला कोण आलं न्हाई, हे तुमी ताटं मोजून वळखता का?"

मी म्हटलं, "रजिस्टरात आकडा लिही."

एकदा स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर आला. सर, म्हणजे तिचे मार्गदर्शक, फार खूश. चष्मा कपाळावर चढवून ते त्याला सगळं समजावत होते. वार्ताहराने तिला विचारलं, "म्हणजे तुम्ही इथे मेंदू बनवता?"

"न्हाई."

"छोटा मेंदू म्हणू या का?"

"मेंदू म्हणूच नका. मेंदूची सुरुवात कशी हुती त्याचा नमुना म्हणा."

"अहो ताई, असा मथळा होत नाही."

"मग नका छापू."

त्याने छापलंच. 'सांगलीत घडतोय मेंदू!' तिच्या फोटोसह. ती ते पान घेऊन थेट त्यांच्या कचेरीत गेली आणि दुरुस्ती छापेपर्यंत बाकावरून उठली नाही. दुरुस्ती छोट्या जाहिरातींच्या खाली दोन ओळींत आली. फोटोचं पान तिने रद्दीत टाकलं आणि दुरुस्तीचं कात्रण तेवढं तिच्या बाकावर, भिंतीला, टाचून ठेवलं.

तिचे वडील एकदाच आले. मळकं धोतर, लाल फेटा, आणि माझ्यासाठी पिशवीभर डाळिंबं. त्यांना पायांवर निळ्या पिशव्या आणि अंगात कोट चढवताना मला वाटलं होतं की त्यांना अवघडल्यासारखं होईल. त्यांना काही झालं नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"ह्येला कळतंय का काय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, आबा. डोळं न्हाईत, कान न्हाईत, अंग न्हाई. कळायला कायतरी असावं लागतं की."

"मग वाढतंय कशापायी?"

"त्येच तर बघतोय."

"किती दिस झालं ह्येला?"

"पाच म्हयनं."

म्हाताऱ्याने डोळा बाजूला केला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "पाच म्हयन्यांत माझी मेंढी आख्खं कोकरू देती, ताई. हिचं आजून तुरीएवढंच."

ती इतकी हसली की तिला खोलीबाहेर जावं लागलं. परिषदांमध्ये मोठमोठ्या लोकांनी विचारलेले प्रश्न मी ऐकले आहेत. 'वाढतंय कशापायी' याहून नेमका प्रश्न मला आठवत नाही.

आता एका डब्याविषयी.

तिच्या पेशी तीन प्रकारच्या होत्या. आईच्या, मुलीच्या आणि तिसऱ्या 'दुरुस्त'. म्हणजे मुलीच्याच पेशी, पण त्यांच्यातलं जनुकाचं बिघडलेलं अक्षर तिने दीड वर्ष खपून नीट केलेलं. त्यावर सगळा प्रबंध उभा होता. दुरुस्त पेशींचे गोळे मुलीच्या गोळ्यांपेक्षा मोठे वाढले, तर बिघाड तोच हे सिद्ध. नाही वाढले तर पाच वर्षं पाण्यात.

पेशींचा साठा छोट्या कुप्यांत भरून, डब्यात लावून, द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवतात. तिच्या कुप्यांवर नाव नाही, तारीख नाही. टोपणांवर फक्त नखांना लावायच्या रंगाचे ठिपके. लाल, पांढरे, कुठे दोन, कुठे एक; कुठला ठिपका कुणाचा, ते फक्त तिलाच ठाऊक. तिच्या घरी कळपाच्या पाठीवर रंगाची खूण करतात, तसं. मी दहा वेळा बोलले, दहा वेळा ती "करते, मॅडम" म्हणाली.

मग वरून तपासणी येणार असं कळलं. ती तेव्हा चुलतभावाच्या लग्नाला गावी. शनिवार होता. मी तिचा डबा काढला, कोरड्या बर्फावर ठेवला, आणि स्पिरिटच्या बोळ्याने ठिपके पुसून प्रत्येक कुपीवर छापील चिकटपट्टी लावली. कुठली कुपी कुणाची, हे तिच्या वहीतल्या यादीवरून घेतलं. दोन ओळी आई, मग एक ओळ मुलगी, मग एक ओळ दुरुस्त. डब्यात ओळी चारच. वरून खाली तशाच लावल्या. डबा इतका देखणा दिसला की मी त्याचा फोटो काढून नवऱ्याला दाखवला.

सोमवारी ती आली. डबा बघून म्हणाली, "लय नीटनेटकं केलंय की." तिलाही काही खटकलं नाही. दोघींनी एकमेकींवर विश्वास ठेवला.

त्यानंतर तिने 'दुरुस्त' लिहिलेली कुपी काढून वाढवली. आईच्या आणि मुलीच्या पेशी पट्ट्या लावण्याआधीच काढलेल्या कुप्यांतून चालू होत्याच, त्यांचीही नवी तुकडी शेजारी लावली. तीन महिन्यांनी मापं घेतली. दुरुस्त गोळे मुलीच्या गोळ्यांपेक्षा कितीतरी मोठे. थेट आईच्या बरोबरीचे. सरांनी आलेख बघितला आणि चष्मा खरोखरच शोधायला लागले, तो कपाळावर असताना. पेढे आले. शोधनिबंध लिहून तयार झाला. तिच्या शिष्यवृत्तीची पाच वर्षं संपायला थोडेच दिवस उरले होते, आणि सगळं वेळेत बसत होतं.

फक्त ती पेढा हातात धरून बसली होती.

पुढचे दोन दिवस ती सूक्ष्मदर्शकापाशीच. एकदा आईची ताटली, एकदा दुरुस्तची. डबा उघडून भाकरी खाल्ली नाही. कोणी हाक मारली तर ओ नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलाशी आली.

"काकू."

मी सवयीने किल्ल्यांकडे बघितलं.

"ती दुरुस्तवाली हायत न्हवं, ती पोरीची न्हाईत. आईची हायत."

"कशावरून?"

"बघून."

"अगं, बघून म्हणजे काय?"

"आईच्या गोळ्यांना एका अंगाला फुगवटा येतो. आणि ती एकमेकाला चिकटत्यात. पोरीची कधी चिकटत न्हाईत. पाच वर्सं चारतीया मी त्यास्नी. दुरुस्त केल्यावर वाढ सुधारंल, काकू. वळण कसं बदलंल?"

मी तिला म्हटलं की सरांना सांगण्याआधी दहा वेळा विचार कर. हे मी लपवणार नाही. निबंध तयार, प्रबंध तयार, आलेख सुंदर. कुणी विचारणार नव्हतं. ती तडक सरांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"डोळ्याने विज्ञान होत नाही," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण दमलेला होता.

"म्हणून तर म्हणते, तपासणीला पाठवा."

"अहवाल यायला तीन आठवडे लागतील. तुझी मुदत किती राहिलीय ठाऊक आहे ना?"

"हाय ठाऊक."

"आणि तुझी शंका खरी निघाली तर?"

"तर पुन्हा करायचं."

"कशातून करणार? वेळ कुठाय?"

"सर," ती म्हणाली, "दुसऱ्या मेंढीचं कोकरू आपल्या मेंढीखाली लावता येतं. आमी लावतो. पण मग ते बघून आपली मेंढी कशी व्याली, हे सांगत न्हाई."

सरांनी मला हाक मारली. "मॅडम, नमुने तपासणीला काढा."

अहवाल आला. 'दुरुस्त' म्हणून वाढवलेले गोळे आईच्या पेशींचे होते. शंभर टक्के.

मी घरी गेले नाही. वही काढली, डब्याचा तो देखणा फोटो काढला आणि तिला समोर बसवलं. "तू डबा लावतेस कसा?"

ती गोंधळली. "म्हंजे? वाड्यात लावत्यात तसा. मोठी कडंला, बारकी मधी."

मेंढरं जाळीच्या वाड्यात बसवताना मोठी बाहेरच्या अंगाला आणि कोकरं आतल्या अंगाला घेतात. लांडगा आला तर आधी मोठ्यांशी गाठ पडावी म्हणून. तिने नायट्रोजनच्या टाकीतला डबाही तसाच लावला होता. पहिली ओळ आई, शेवटची ओळ आई. मधल्या दोन ओळींत मुलगी आणि दुरुस्त. यादी लिहिताना मात्र दोन्ही आई एकत्र लिहिलेल्या. मी यादी बघून वरून खाली पट्ट्या चिकटवल्या. शेवटच्या ओळीतल्या आईला मी 'दुरुस्त' केलं होतं, स्पिरिटच्या एका बोळ्याने.

"माझी चूक आहे," मी म्हटलं.

ती म्हणाली, "व्हय."

मला वाटलं होतं ती "जाऊ द्या" म्हणेल. तसं म्हणाली नाही, हे बरं झालं. पुढे म्हणाली, "तुमी सोमवारपतूर थांबून मला ईचारायचं हुतं. आणि मी नाव घालायचं हुतं. दोन चुका हायत." मग आम्ही दोघींनी टाकी उघडली, प्रत्येक कुपीतला थोडा नमुना तपासणीला काढला, आणि प्रत्येकीवर दोन खुणा केल्या. माझी पट्टी आणि तिचा ठिपका. अजूनही आमच्याकडे दोन्ही करतात. नवीन विद्यार्थी हसतात. हसू देत.

मी सरांना लेखी कळवलं. माझ्या सेवापुस्तकात ती नोंद आहे. तिने प्रबंधाच्या मसुद्यात 'प्रयोगशाळेतील त्रुटीमुळे' असं लिहिलं होतं, ते मी खोडून 'प्रयोगशाळा व्यवस्थापकांनी केलेल्या चुकीच्या नोंदीमुळे' असं करायला लावलं. ती म्हणाली, "कशाला, काकू?" मी म्हटलं, "त्रुटी आपोआप होत नाही. कुणीतरी करतं."

विद्यापीठाने सहा महिने वाढवून दिले. शिष्यवृत्ती बंद. सकाळी एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवून ती येऊ लागली. गोळे वाढायला तीन महिने लागतात, लिहायला दोन. चुकायला जागा नव्हती.

आणि तेव्हा तिने सगळ्यांत विचित्र अट घातली. "ह्या वेळी मी हात लावणार न्हाई. बघणारबी न्हाई."

सर म्हणाले, "ताटल्यांची नावं झाकू. तुला कळणार नाही कुठली कुठली."

"मला कळतंय, सर. नाव झाकून काय हुतं? आणि आता मला ती मोठी व्हावी असं वाटतंय. लय वाटतंय. माझ्या डोळ्यावर माझाच भरवसा न्हाई."

पाच वर्षं ज्या नजरेच्या जोरावर ती सगळ्यांशी भांडली, ती नजर तिने स्वतःच बाजूला काढून ठेवली. दुसऱ्या कुणाला हे जमलं असतं असं मला वाटत नाही. मला तर नाहीच.

"मग करणार कोण?" सरांनी विचारलं.

तिने माझ्याकडे बोट केलं.

मी वीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली होती, पण असे गोळे कधी वाढवले नव्हते. तिने मला तीन आठवडे टाकाऊ ताटल्यांवर शिकवलं. इतकं कडक मला कुणी कधी बोललं नाही, सासूबाई धरून.

"पिचकारी नगा मारू, काकू. कडंनं सोडा. कडंनं!"

"सोडतेय गं."

"हळू. परेड न्हाई ही."

"खांदा आखडलाय."

"तर थांबा. मान ढिली सोडा. आता बघा, ती कशी बसल्यात. बसल्यात का? मग घाला."

खऱ्या ताटल्यांना सरांनी क, ख, ग अशी अक्षरं दिली. कुठलं अक्षर कुणाचं, ते एका लिफाफ्यात बंद करून तो स्वतःच्या कपाटात ठेवला. मला माहीत नाही, तिला माहीत नाही. तीन महिने मी एक दिवसाआड चारलं. हो, चारलं. रविवारीही. नवरा म्हणाला, "निवृत्ती जवळ आली आणि तू भरती झालीस." ती व्हरांड्यात बसून प्रबंध लिहायची. खोलीच्या दाराला काच आहे. त्या काचेकडे पाठ करून. आत काय चाललंय ते चुकूनही दिसू नये म्हणून खुर्चीही फिरवून घेतलेली. मी बाहेर आले की ती माझ्या चेहऱ्याकडेसुद्धा बघत नसे. एकदाच विचारलं, "कमी झालं का एखादं?" मी म्हटलं, "मोजलेत. सगळे आहेत." ती "बरं" म्हणाली.

मापं घ्यायला मला तीन दिवस लागले. प्रत्येक गोळा पडद्यावर घ्यायचा, कडेने रेघ ओढायची, आकडा लिहायचा. पुन्हा दुसऱ्यांदा, पहिला आकडा न बघता. मी आयुष्यात इतकी सावध कधी नव्हते. क, ख आणि ग वेगवेगळे आहेत हे मला दिसत होतं. कुठला कुणाचा, ते नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं सरांच्या खोलीत बसलो. मी तक्ता टेबलावर ठेवला. सरांनी लिफाफा फाडला. फाडताना आतला कागदही थोडा फाटला. त्यांनी तो जुळवून वाचला, मग माझा तक्ता वाचला, मग पुन्हा कागद. तिची नजर भिंतीवर होती. मांडीवरचे हात घट्ट धरलेले.

"ख आईचे," सर म्हणाले. "क मुलीचे. ग दुरुस्त."

"किती?" तिने विचारलं.

उत्तर मी दिलं, कारण आकडे माझ्या हाताने लिहिलेले होते. "मुलीच्यापेक्षा मोठे. आईच्यापेक्षा बरेच लहान."

सरांनी जुना आलेख ड्रॉवरमधून काढला, तो पेढ्यांच्या दिवशीचा, आणि नव्या तक्त्याशेजारी ठेवला. जुन्यात दुरुस्तची उभी पट्टी आईच्या पट्टीला टेकलेली. नव्यात अर्ध्यावर. म्हणजे बिघाड तोच होता, पण एकटा तोच नव्हता. आणखी काहीतरी होतं, जे शोधायला अजून कुणाची तरी पाच वर्षं जाणार होती.

"पुरेसं आहे," सर म्हणाले. "प्रबंधाला पुरेसं आहे. लिहून टाक." मग त्यांनी जुना आलेख हातात घेऊन थोडा वेळ बघितला. माणूसच आहेत ते. "पण हा फार सुंदर होता गं."

"सुंदर हुता, सर," ती म्हणाली आणि माझा तक्ता उचलून उठली. "पण आपला न्हवता."